पर्स्वेड: समजावलं की मन वळवलं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळतात आणि सोबत बँकेच्या परीक्षांची तयारी करतात. त्या लिहितात: "पर्स्वेड या क्रियापदाचे शब्दकोशात समजावणे, मन वळवणे, पटवणे, राजी करणे असे चार अर्थ दिलेत. मग कन्व्हिन्स म्हणजे वेगळं काय? पर्स्वेडच्या पुढे टू लावायचं की फॉर? आणि मी एका मेलमध्ये लिहिलं, 'वी पर्स्वेडेड द बायर मेनी टाइम्स, बट ही डिड नॉट ॲग्री', तर साहेब म्हणाले, याचा अर्थ भलताच होतो. तो कसा?"

ताई, आधी साहेबांचं घेते, कारण त्यांचं बरोबर आहे आणि बाकीची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

तुमच्या मनातलं मराठी वाक्य होतं, "आम्ही ग्राहकाला बऱ्याचदा समजावलं, पण तो तयार झाला नाही." यात गैर काहीच नाही. पण तुमचा मेल तिकडे नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅम बंदरात ज्याने उघडला, त्याने "आम्ही ग्राहकाला बऱ्याचदा राजी केलं" असं वाचलं. म्हणजे ग्राहक हो म्हणाला होता, तेही एकदा नाही, अनेकदा. आणि पुढे लगेच "पण तो तयार झाला नाही". वाचणारा चक्रावणारच. ग्राहकाने शब्द देऊन फिरवला, असं तुम्हाला सुचवायचंय की काय, अशी शंका त्याला येऊ शकते. माल समुद्रात आणि दराची बोलणी अर्धवट, अशा वेळी हा गैरसमज महागात पडतो.

गोम अशी की पर्स्वेड या क्रियापदाच्या पोटातच निकाल असतो. समोरच्याने ऐकलं, तो वळला, तयार झाला, तरच पर्स्वेड. नुसतं बोलून बोलून घसा कोरडा पडला तर ते पर्स्वेड नाही. आपलं समजावणे मात्र प्रयत्नापाशी थांबतं. पुढे समोरच्याने ऐकलं की नाही हे वेगळं सांगावं लागतं. शब्दकोश समजावणे आणि राजी करणे एकाच ओळीत छापतात आणि मधला हा फरक सांगत नाहीत. नाशिकला कॉलेज रोडच्या माझ्या वर्गात आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांसाठी घेतलेल्या बॅचमध्ये, दोन्हीकडे या शब्दावर माणसं अडखळतात ती इथेच. 'फॉर' आणि 'टू'ची चूक त्या मानाने किरकोळ.

यावर मी वर्गात एक कसोटी वापरायला सांगते. मराठी वाक्य मनात तयार झालं की त्याच्या शेवटी "पण काही उपयोग झाला नाही" जोडून बघायचं.

"आईने दादाची समजूत घातली, पण काही उपयोग झाला नाही." चाललं. "मामांनी गळ घातली, पण काही उपयोग झाला नाही." हेही चाललं. आग्रह केला, विनवण्या केल्या, मनधरणी केली, चार गोष्टी सांगितल्या, अगदी हातापाया पडलो, या सगळ्यांपुढे "पण काही उपयोग झाला नाही" खुशाल येतं. मग यातल्या एकाचंही इंग्रजी सरळ पर्स्वेड होत नाही. तिथे 'ट्राइड टू पर्स्वेड' म्हणा. किंवा प्रयत्न दाखवणारी वेगळी क्रियापदं आहेत ती घ्या: आग्रहासाठी 'अर्ज' (उच्चार आपल्या अर्जाच्या जवळचा, अर्थाचा संबंध नाही), काकुळतीला येऊन विनवलं तर 'प्लीड विथ', शांतपणे दोन गोष्टी समजावल्या तर 'रीझन विथ'. "वी अर्ज्ड द बायर टू अ‍ॅक्सेप्ट, बट ही डिक्लाइन्ड" हे निर्दोष इंग्रजी आहे.

आता दुसरी बाजू घ्या. "आईने दादाचं मन वळवलं, पण काही उपयोग झाला नाही." कानाला खटकलं ना? "राजी केलं, पण काही उपयोग झाला नाही", "गळी उतरवलं, पण...", "भरीस घातलं, पण...". जीभच अडते. कारण या शब्दांतही निकाल आधीच लागलेला आहे. पर्स्वेडची खरी भावंडं ही. म्हणजे मराठीत हा अर्थ नाही असं मुळीच नाही, उलट भरपूर शब्द आहेत. आपण भाषांतर करताना चुकीचा शब्द उचलतो, एवढंच.

यातलं भरीस घालणे जरा वेगळं ठेवा. त्यात समोरच्याला नको त्या गोष्टीला तयार केल्याची छटा आहे. मित्राने भरीस घातलं म्हणून जुना ट्रॅक्टर घेतला आणि आता गॅरेजची वारी चालू आहे, असं आपण म्हणतो. इंग्रजीत तिथे 'टॉक इंटू' चपखल बसतं: "हिज फ्रेंड टॉक्ड हिम इंटू बायिंग अ‍ॅन ओल्ड ट्रॅक्टर." 'पर्स्वेडेड हिम इंटू बायिंग' हेही चालतं. 'इंटू'च्या पुढे मात्र 'आयएनजी'वालं रूप लागतं, हे विसरू नका. फसवून करायला लावलं तर शब्द आणखी बदलतो. कायद्यातल्या फसवणुकीच्या व्याख्येत 'इंड्यूस' हा शब्द आहे.

समजूत घालणे हा शब्द फसवा आहे. रुसलेल्या पोराची समजूत काढली, तर ते पर्स्वेड नव्हे. ते 'पॅसिफाय' किंवा नुसतं 'काम डाउन'. पण "तिने स्वतःच्याच मनाची समजूत घातली की नोकरी नाही मिळाली तेच बरं झालं", इथे मात्र पर्स्वेड अगदी फिट बसतो: "शी पर्स्वेडेड हरसेल्फ दॅट इट वॉज फॉर द बेस्ट." कारण इथे समजूत पटलेली आहे. सगळा भर त्या शेवटच्या पायरीवर.

हाच नियम काळालाही लागतो. "सध्या मी त्यांना समजावतेय" याचं "आय अ‍ॅम पर्स्वेडिंग देम" असं भाषांतर आपल्या ऑफिसांमध्ये रोज होतं. व्याकरणाने ते मोडीत काढता येणार नाही, पण इंग्रजी कानाला ते अवघडच वाटतं. निकाल लागायचाय, तर "आय अ‍ॅम ट्राइंग टू पर्स्वेड देम" म्हणा.

आता तुमचा मेल. मी तो असा लिहीन: "वी ट्राइड सेव्हरल टाइम्स टू पर्स्वेड द बायर टू अ‍ॅक्सेप्ट द रिव्हाइज्ड प्राइस, बट दे डिड नॉट अ‍ॅग्री." यात मुख्य दोन गोष्टी बदलल्या. 'ट्राइड' आल्यामुळे पुढच्या 'बट'शी भांडण मिटलं. आणि कशासाठी राजी करत होतात तेही आलं: सुधारित दर मान्य करण्यासाठी. पर्स्वेडला ही दुसरी गोष्ट हवीशी असते. आपण मराठीत "ग्राहकाला समजावलं" एवढ्यावर थांबतो, कारण मागचा संदर्भ दोघांना ठाऊक असतो. व्यापारी इंग्रजीत तो पुन्हा लिहिलेला बरा. आणि ग्राहक तयार झालाच, तर 'ट्राइड' काढून टाका. फार मेहनत पडली असेल तर "वी मॅनेज्ड टू पर्स्वेड द बायर टू अ‍ॅक्सेप्ट" लिहा.

आता कन्व्हिन्स. हा शब्द आपण मराठीत इतका मुरवलाय की "मी सासऱ्यांना कन्व्हिन्स केलं" यात आपल्याला इंग्रजी जाणवतही नाही. पण मराठीतला कन्व्हिन्स दोन्ही कामं करतो, पटवून देण्याचं आणि राजी करण्याचंही. जुन्या वळणाच्या इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत: कन्व्हिन्स विचारापुरता, पर्स्वेड कृतीपर्यंत.

दुचाकीवर हेल्मेट घातलं तर डोकं वाचतं, हे द्वारका चौकात उभ्या असलेल्या कुठल्याही दुचाकीवाल्याला विचारा, तो मान डोलावेल. त्याची खात्री आहे: "ही इज कन्व्हिन्स्ड." तरीही हेल्मेट घरी खुंटीला असेल, तर "ही हॅज नॉट बीन पर्स्वेडेड टू वेअर इट." पटलंय, वळलेला नाही. आपल्याकडे यासाठी "कळतं पण वळत नाही" हे तयारच आहे. कळण्याच्या बाजूला कन्व्हिन्स, वळण्याच्या बाजूला पर्स्वेड. मन 'वळवणे' यातलं वळणही तेच.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. 2021 च्या स्वातंत्र्यदिनापासून नाशिक शहरात पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम सुरू केली होती. हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल नाही. त्या काळात ज्यांनी केवळ पेट्रोलसाठी हेल्मेट घातलं, त्यांच्याबद्दल पर्स्वेड वापरता येणार नाही, जरी निकाल लागला असला तरी. तिथे 'वेअर मेड टू', 'वेअर फोर्स्ड टू', 'वेअर कम्पेल्ड टू' ही क्रियापदं हवीत. पर्स्वेडमध्ये निकाल लागतो, पण समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक असते आणि तो ती न वापरता स्वतः हो म्हणतो. म्हणून बातमीत "पोलीस पर्स्वेडेड रायडर्स" आणि "पोलीस फोर्स्ड रायडर्स" यातला एकच शब्द बदलला तरी घटनाच बदलते. 1872 च्या भारतीय करार कायद्यातही ही रेघ आहे. मोकळी संमती म्हणजे काय, ते कलम 14 सांगतं. धाकदपटशा कलम 15 मध्ये, गैरवाजवी प्रभाव कलम 16 मध्ये. चार युक्तिवाद करून, गोड बोलून कुणाची सही घेतली तर करार टिकतो. धाक घालून घेतली तर तो रद्द करवता येतो.

हे दोन शब्द आले कुठून तेही थोडक्यात सांगते, कारण त्याने फरक डोक्यात पक्का बसतो. दोन्ही लॅटिनमधले. कन्व्हिन्सच्या मुळाशी 'विन्केरे' आहे, म्हणजे जिंकणे. आरोप सिद्ध होऊन दोषी ठरलेला 'कन्व्हिक्ट' याच घरातला. समोरच्याच्या मुद्द्यावर मात करणं, हा त्याचा मूळ पिंड. म्हणून क्रिकेटच्या बातमीत दणदणीत विजयाला 'कन्व्हिन्सिंग विन' म्हणतात आणि तिथे 'पर्स्वेसिव्ह विन' लिहिलं तर हसू येईल. पर्स्वेडच्या मुळाशी 'स्वादेरे' आहे, सल्ला देणे, आग्रह करणे. आणि त्या धातूचं नातं गोड या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी आणि आपल्या संस्कृतातल्या 'स्वादु'शीही लागतं. एकाने हरवून पटवायचं, दुसऱ्याने गोडीने वळवायचं. मला स्वतःला हा संबंध फार आवडतो आणि विद्यार्थ्यांनाही तो एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

आता तुमचा 'टू' आणि 'फॉर'चा प्रश्न. कृती सांगायची असेल तर पर्स्वेड, मग माणूस, मग 'टू' आणि क्रियापद. "पर्स्वेडेड हिम फॉर सेलिंग" ही चूक का होते माहितीये? आपण मनात "विकण्यासाठी राजी केलं" असं म्हणतो आणि त्या 'साठी'चं 'फॉर' करून टाकतो. मनातलं वाक्य बदला: "विकायला राजी केलं." यायला, विकायला, थांबायला, भरायला, हे 'आयला' आलं की पुढे डोळे मिटून 'टू' लावा. "पर्स्वेडेड हिम टू सेल." मधला माणूस गाळायचा नाही, "ही पर्स्वेडेड टू सेल" हे मराठी सवयीने लिहिलं जातं आणि ते चूक आहे. कुणाला, ते आलंच पाहिजे.

नकाराची जागा सांभाळा. उन्हाळ कांदा काढल्या काढल्या लासलगावच्या बाजारात न नेता कांदाचाळीत साठवून ठेवू या, असं मुलाने वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी ऐकलं. तर: "ही पर्स्वेडेड हिज फादर नॉट टू सेल." आता 'नॉट' उचलून पुढे नेला: "ही डिड नॉट पर्स्वेड हिज फादर टू सेल." म्हणजे मुलाला कांदा विकायला हवा होता आणि वडील बधले नाहीत. पहिल्यात कांदा चाळीत राहिला तो मुलामुळे, दुसऱ्यात राहिला तो मुलाचं न ऐकल्यामुळे. परीक्षेतले प्रश्न काढणारे अशा जागा बरोबर हेरतात. परावृत्त करण्यासाठी स्वतंत्र क्रियापदही आहे, डिस्वेड, आणि त्याला 'टू' चालत नाही: "डिस्वेडेड हिज फादर फ्रॉम सेलिंग." त्यातही निकाल आहेच, वडील खरोखर थांबले तरच डिस्वेड.

विचार किंवा खात्री सांगायची असेल तर 'दॅट' किंवा 'ऑफ'. "कन्व्हिन्स्ड मी ऑफ हिज ऑनेस्टी", "कन्व्हिन्स्ड मी दॅट ही वॉज ऑनेस्ट". पर्स्वेडलाही हे दोन्ही चालतात, थोडं भारदस्त वाटतं इतकंच. 'पर्स्वेड अबाउट' टाळा.

"कन्व्हिन्स्ड हिम टू सेल" बरोबर की चूक, हा वाद तुम्हाला कुठे ना कुठे भेटेल. कन्व्हिन्सनंतर 'टू' आणि क्रियापद ही रचना विसाव्या शतकात, आधी अमेरिकेत, रुळली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी तिला बराच काळ नावं ठेवली. आज मोठे इंग्रजी शब्दकोश ती देतात आणि शिकलेली माणसं सर्रास वापरतात. माझं मत विचाराल तर बोलण्यात आणि मेलमध्ये ती बिनधास्त वापरा, कुणी हटकणार नाही. परीक्षेत मात्र दोन्ही पर्याय समोर असतील आणि पुढे 'टू' असेल, तर पर्स्वेड निवडा. पुढे 'ऑफ' असेल तर कन्व्हिन्स. या वाटेने गेलात तर जुन्या आणि नव्या, दोन्ही मतांच्या परीक्षकांपुढे तुम्ही सुरक्षित.

न्यायालयातली एक शब्दयोजना तुम्हाला वाचनात दिसेल. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक असतो. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल वकिलाने दाखवला, तर त्याला 'पर्स्वेसिव्ह व्हॅल्यू' असते: न्यायाधीशांना तो पटला तर ते स्वीकारतील, न पटला तर सोडून देतील. हीच ती नाही म्हणायची मोकळीक. निकालपत्रांत "वी आर नॉट पर्स्वेडेड" असं येतं, तेव्हा युक्तिवाद ऐकून घेतला, पण आमचं मत वळलं नाही, एवढाच अर्थ असतो. त्यात राग किंवा अपमान वाचू नका.

आणि एक घोटाळा, जो तुम्ही विचारलेला नाही पण ऑफिसच्या पत्रांत हमखास दिसतो. "काइंडली पर्स्वेड द मॅटर विथ हेड ऑफिस." "आय अ‍ॅम पर्स्वेडिंग बी. कॉम." इथे लिहिणाऱ्याला 'पर्स्यू' म्हणायचं असतं, म्हणजे पाठपुरावा करणे, शिक्षण घेत असणे. प्रकरणाला किंवा पदवीला मन नसतं, त्यामुळे ते वळवता येत नाही. पर्स्वेडच्या पुढे माणूस हवा, किंवा माणसांची मिळून झालेली संस्था: बँक, समिती, सरकार. पाठपुराव्यासाठी पर्स्यू, आणि साध्या पत्रात तर 'फॉलो अप' सगळ्यात सोपं. अर्जात आणि बायोडेटात ही चूक झाली तर पहिल्याच ओळीत ठसा बिघडतो, म्हणून एवढं आवर्जून सांगतेय.

उच्चार राहिला. स्पेलिंग बघून आपल्याकडे 'परसुएड' म्हणतात, तीन तुकडे करून. तुकडे दोनच आहेत: पर्-स्वेड, आणि जोर 'स्वेड'वर. नाम 'पर्स्वेझन', त्यातला झ मऊ, 'टेलिव्हिजन'च्या शेवटी येतो तसा. कन्व्हिन्समध्ये जोर दुसऱ्या तुकड्यावर, 'व्हिन्स'वर. मुलाखतीत हे शब्द येतातच, विशेषतः विक्री आणि निर्यातीच्या नोकऱ्यांमध्ये, जिथे "ग्राहकाला तुम्ही कसं राजी केलंत, एखादा प्रसंग सांगा" असं विचारतात. तिथे ज्या प्रसंगात ग्राहक खरोखर तयार झाला तोच सांगा, आणि वाक्यात 'टू' लावून कशाला तयार झाला तेही सांगा.